फोन गल्लीपर्यंत नेईल, पुढचं काय?

पत्र:

"ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची आहे. कराडमध्ये राहते, जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला आर.पी., म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. लहानपणापासून रात्रीचं दिसत नव्हतं, आता दिवसाही बाजूचं दिसेनासं झालंय. समोरचं अजून दिसतं, म्हणून वह्या तपासते, फळ्यावर लिहिते. पण दारातल्या चपलांना अडखळते. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, 'पेपर तर वाचता, मग बादली कशी दिसली नाही?' पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने नवा फोन आणून दिला, त्यात नकाशाचं ॲप चालू करून दिलं. दिवाळीआधी मी एकटी निघाले. फोन म्हणाला उजवीकडे वळा, मी वळले आणि पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात पडले. मनगट मोडलं. तेव्हापासून हे मला स्कूटरवरून सोडतात नि आणतात. एकटीने बाहेर जाणं बंद झालंय. मुलगा म्हणतो, चाळीस हजारांचा एआय चष्मा घेऊ. कुठलं ॲप चांगलं? चष्मा घ्यावा का? डॉक्टर म्हणाले पांढरी काठी घ्या, पण काठी घेतली की सगळ्या गावाला कळणार. मुलीसाठी स्थळं बघतोय. काठीशिवाय काही होईल का?"

उत्तर:

नमस्कार बाई,

शाळेत शिकवणाऱ्या बाईंना आम्ही बाईच म्हणायचो, म्हणून तेच म्हणते. तुमचं पत्र फोनकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना हात आपोआप माझ्या नडगीवर गेला. आर.पी.च्या माणसाला ओळखायचं असेल तर त्याचे डोळे बघू नयेत, नडग्या बघाव्यात. स्टूल, बादली, मोटारसायकलचा फूटरेस्ट, सगळ्यांच्या खुणा तिथे असतात. माझं वय ६१. विसाव्या वर्षी हा आजार कळला आणि अडतिसाव्या वर्षापर्यंत उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं राहिलं. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. डोंबिवली ते फोर्ट, बावीस वर्षं लोकलने गेले. तेव्हा तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देईन, पण तुम्ही विचारलेल्या क्रमाने देणार नाही. तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे.

त्याआधी त्या सहकारी बाईंचं. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय हे कळतंय. पण त्या खोटं पाडायला बोलल्या नसाव्यात, त्यांना खरंच उलगडत नसेल. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. कमी उजेडात बघणं आणि कडेचं बघणं ज्यांच्याकडे असतं, त्या आर.पी.मध्ये आधी जातात. मधलं, बारीक, रंगीत बघणाऱ्या पेशी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात. म्हणून आपल्याला सुईत दोरा ओवता येतो आणि पायापाशी ठेवलेली घागर दिसत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवा. वहीच्या दोन कागदांच्या पुंगळ्या करा, त्या बाईंना दोन्ही डोळ्यांना लावायला सांगा आणि व्हरांड्यातून ऑफिसपर्यंत चालायला लावा. वाटेत एक खुर्ची ठेवा. समोरच्या भिंतीवरचा सुविचार त्या वाचतील आणि खुर्चीवर आदळतील. पुन्हा त्या तसं विचारणार नाहीत.

आता काठी. मी तीन वर्षं काठी लपवली. लपवली म्हणजे घेतली होती, घडी करून पर्समध्ये ठेवली होती आणि पर्सची चेन उघडत नव्हते. डोंबिवलीच्या पुलावरून संध्याकाळी उतरताना एका भाजीवाल्याच्या मेथीच्या जुड्यांवर माझा पाय पडला. तो ओरडला, "दिसत नाही का?" आणि मी म्हटलं, "सॉरी." "नाही दिसत" हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. लोकांच्या अंगावर जाणारी, धक्के देणारी, ओळखीच्या माणसाकडे न बघता पुढे जाणारी शिष्ट बाई, असं माझं नाव झालं होतं. आंधळी म्हणवून घेण्यापेक्षा ते मला बरं वाटत होतं. आज आठवलं की त्या तीन वर्षांतल्या माझी मलाच कीव येते. काठी उघडली त्या दिवसापासून "दिसत नाही का" हा प्रश्न मला एकदाही कोणी विचारलेला नाही. काठी दोन कामं करते. जमीन तुम्हाला सांगते आणि तुमच्याबद्दल लोकांना सांगते. तुम्हाला दुसऱ्या कामाची भीती वाटते आहे. मला विचाराल तर रस्त्यावर जीव वाचतो तो त्या दुसऱ्या कामामुळेच. रिव्हर्स घेणाऱ्या टेंपोच्या ड्रायव्हरला तुमचा आजार दिसत नाही, पांढरी काठी दिसते.

तुमच्या चराकडे येते. त्या दिवशी ॲप चुकलं नव्हतं. वळण बरोबर होतं. पण चर आदल्या दिवशी खणला की आठवड्यापूर्वी, हे फोनला ठाऊक असायचं कारणच नाही. फोन उपग्रहांवरून तुमची जागा काढतो. मोकळ्या मैदानात तो साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर सांगतो, दोन्ही बाजूंना इमारती आल्या की आणखी चुकतो. पाच मीटर म्हणजे गावातल्या गल्लीची रुंदी. तुम्ही गल्लीच्या या कडेला आहात की त्या, गटाराच्या अलीकडे की पलीकडे, हे त्याला समजत नाही. तुम्ही उभ्या असाल तर तोंड कुठल्या दिशेला आहे याचीही त्याला धड खात्री नसते, चार पावलं चाललात की मग तो अंदाज बांधतो. हातात काठी असती तर चराची कड तुमच्या पायाच्या एक पाऊल आधी तिला लागली असती. टोक खाली जातं, मनगटाला झोल जाणवतो आणि पाय तिथेच थांबतो. एकदा हे अंगात मुरलं की विचार करावा लागत नाही.

मलाही फोनने फसवलं आहे, म्हणजे मीच फसले. पुण्याला राहायला आल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे निघाले होते. फोन म्हणाला, तुम्ही पोहोचलात. मी एका कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी होते. दहा मिनिटं भिंत चाचपत गेले, दार नाही. शेवटी कोळशाचा आणि ओल्या कापडाचा वास आला, म्हणजे जवळ इस्त्रीवाला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, ही मागची बाजू. पुढून फिरून तीन पायऱ्या आहेत, दुसरी फुटलेली आहे." दुसरी पायरी फुटलेली आहे, हे कुठल्या ॲपने सांगितलं असतं? तेव्हापासून त्या बाजूला गेले की तो लांबूनच हाक मारतो. पहिल्या दिवशी त्याला विचारण्याची लाज वाटली होती, ती तीन पायऱ्या चढेपर्यंत गेली.

म्हणून ॲपचं उत्तर असं. नकाशाचं जे ॲप फोनमध्ये आहे तेच पुरे. त्याला काम नीट वाटून द्या. आपण कुठल्या चौकात आहोत, वडापची जीप शाळेचा फाटा ओलांडून पुढे तर गेली नाही ना, अजून किती अंतर, एवढं त्याला विचारायचं. पुढचं पाऊल टाकू की नको, हे त्याला कधीच विचारायचं नाही. घर, शाळा, गिरणी, बँक, मैत्रीण, अशा तुमच्या नेहमीच्या जागांच्या दारात स्वतः उभं राहून तिथली खूण फोनमध्ये साठवा, नाव तुमच्या मनाने द्या. दुकानाच्या पत्त्यावर ॲप मागच्या भिंतीला नेतं, तुमच्या खुणेवर पुढच्या दाराच्या आसपास तरी नेईल. इअरफोन लावायचा तर एकाच कानात. कानाबाहेरच्या हाडावर बसणारे, कान मोकळे ठेवणारे हेडफोन मिळतात, ते सगळ्यात चांगले. आपले कान म्हणजे आपली कड आहे, ती बुजवायची नाही. फोन हातात धरून चालू नका. गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवा, एक हात काठीला लागणार आहे. आणि डोळ्यांना अजून दिसतंय तोवर टॉकबॅक, म्हणजे फोनच्या पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, शिकून घ्या. दृष्टी चांगली असताना शिकायला आठवडा लागतो, गेल्यावर शिकायला धीर लागतो. टॉकबॅक मराठीतून बोलतो. सुरुवातीला बोटं चुकतील, फोन नको ते उघडेल. माझ्या पिढीने नोकियाच्या फोनवर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून शिकायला सुरुवात केली, त्यापुढे हे फार सोपं आहे.

एकाच ॲपवर जीव टाकू नका, हेही सांगून ठेवते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साउंडस्केप नावाचं ॲप काढलं होतं. ज्या बाजूला दुकान असेल त्या बाजूच्या कानात त्या दुकानाचं नाव ऐकू यायचं. जगभरातल्या अंध लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. त्याचा आराखडा खुला केला म्हणून दुसऱ्यांनी त्यावरून नवी ॲप्स केली, हे भाग्य म्हणायचं. पण ते बंद झालं त्या काळात ज्यांचा सगळा भार त्यावर होता त्यांची फार ओढाताण झाली. ज्यांनी रस्ता पायाने पाठ केला होता ते चालत राहिले.

पायाने पाठ करणं म्हणजे काय, तेही सांगते, कारण तुमच्या कराडात ते पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे. रसवंतीची घुंगरं शंभर पावलांवरून ऐकू येतात आणि उसाच्या पट्ट्यात रसवंत्यांना तोटा नाही. पिठाची गिरणी डोळे मिटून सापडते: आधी पट्ट्याचा आवाज, मग गरम पिठाचा वास, मग पायाखाली फरशीवर सांडलेल्या पिठाचा मऊपणा. चहाच्या गाड्यावर आलं कुटतात, सलूनमध्ये रेडिओ चालू असतो, देवळाच्या पायरीशी उदबत्ती आणि ओल्या फुलांचा वास असतो. दोन घरांमध्ये बोळ आला की एका गालाला वारा लागतो. तुम्हाला अजून दिसतंय म्हणून या खुणांकडे लक्ष गेलेलं नाही. यजमानांच्या स्कूटरवर मागे बसता तेव्हा डोळे मिटा आणि आता कुठे आलो ते मनात सांगा. मग डोळे उघडून पडताळा. महिनाभरात कराड तुमच्या कानात बसेल.

मग काठी चालवायला शिका. कोणी पाच मिनिटांत हातात देऊन "चला" म्हणालं तर ते शिक्षण नव्हे. मोबिलिटी ट्रेनिंग हा रीतसर विषय आहे. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी लांब काठीची जी रीत बसवली, तीच आजही जगभर शिकवतात. काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंच हवी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकतं, डावा पडतो तेव्हा उजवीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा काठीने आधीच बघून ठेवलेली असते. झोका खांद्यांपेक्षा थोडाच रुंद, त्याहून जास्त नाही, नाहीतर लोकांच्या पायांत अडकते. घडी होणारी काठी घ्या, तिच्या आत इलॅस्टिक असतं, झटकली की सरळ होते. तो खट्ट आवाज मला सुरुवातीला बंदुकीसारखा वाटायचा, आता सकाळच्या चहाइतका आपला वाटतो.

साध्या काठीला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे कमरेच्या वरचं. उभ्या ट्रकचा मागचा फाळका, झुकलेली फांदी, उघडी खिडकी. आयआयटी दिल्लीच्या मंडळींनी यासाठी स्मार्टकेन तयार केली, २०१४ मध्ये ती बाजारात आली. काठीच्या मुठीवर बसणारं यंत्र आहे. वटवाघळासारख्या ध्वनिलहरी सोडतं आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा तीन मीटरपर्यंत लांबून मुठीतल्या थरथरीने कळवतं. चांगली वस्तू आहे, पण ती दुसऱ्या वर्षी. आधी साध्या काठीवर हात बसू द्या. तोवर पुढे झाप असलेली टोपी घाला. झाप फांदीला आधी लागते, कपाळ नंतर. आर.पी.त ऊन डोळ्यांत भरतं, त्यालाही टोपी बरी.

एआय चष्म्याचं थोडक्यात सांगते. चाळीस हजार आत्ता घालू नका. असे चष्मे पाटी वाचतात, समोर काय आहे त्याचं वर्णन करतात आणि हात मोकळे राहतात, हे खरं. पण वर्णन यायला काही सेकंद जातात, कधी ते चुकतंही, आणि पाऊल त्याआधी पडलेलं असतं. तुमचं मधलं बघणं अजून शाबूत आहे, पाट्या तुम्ही स्वतः वाचता. दृष्टी आणखी कमी झाली की पाच-सहा वर्षांत हीच वस्तू जास्त चांगली आणि बहुधा स्वस्त झालेली असेल. मुलाला सांगा, पैसे ठेव, पण एक रविवार दे. त्या रविवारी माझ्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चाल, बोलू नकोस, फक्त खरोखर धोका दिसला तर हाक मार. आपल्या आईला असं मागून बघणं त्याला जड जाईल. पण चष्म्यापेक्षा तो रविवार तुमच्या जास्त उपयोगाचा आहे.

मोफत मिळणारं आणि मला मनापासून आवडणारं ॲप म्हणजे बी माय आइज. डेन्मार्कमध्ये हान्स विबर्ग नावाच्या फर्निचर कारागिराने ते काढलं, त्याची स्वतःची दृष्टी जात होती. २०१५ मध्ये ते सुरू झालं. बटण दाबलं की जगात कुठेतरी बसलेला डोळस स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघतो आणि सांगतो. मी त्यावर औषधाच्या बाटलीवरची तारीख विचारते, साडीचा रंग विचारते. रस्ता ओलांडायला ते वापरू नका. पण त्यामागची कल्पना बघा. यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूसच बसवलेला आहे.

माणसांचंच पुढे सांगते. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर अपंगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून बीप वाजतो. त्या बीपच्या दिशेने काठी टेकत गेलं की डबा सापडतो. पण मला जे मिळालं ते डब्याच्या आत. नवीन होते तेव्हा एका पूर्ण अंध बाईने माझा हात धरून विचारलं, "नवीन दिसतेस, कुठे उतरणार? काठी कुठे आहे?" तिनेच पर्समधून माझी काठी काढायला लावली. कुठल्या बँकेत भरती आहे, कुठल्या स्टेशनचा जिना बदलला, सासूने कोणाला स्वयंपाक करू दिला नाही आणि मग तिने कसा केला, सगळं त्या डब्यात कळायचं. डॉक्टरांनी मला आजाराचं नाव सांगितलं होतं. आजारासकट कसं जगायचं ते त्या डब्याने सांगितलं.

कराडला तसा डबा नाही, तुम्हाला तो जमवावा लागेल. नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासून मुंबईहून काम करते आणि महाराष्ट्रात तिच्या शाखा आहेत. मोबिलिटी ट्रेनिंगची चौकशी तिथे करा. पुण्याची अंधशाळा १९३४ पासूनची आहे, मुलगा पुण्यातच आहे, तो एकदा जाऊन बोलू शकतो. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून चालतं, अभ्यास आणि नोकरीतल्या तंत्राबद्दल तिथली माणसं नेमकं सांगतात. दृष्टिपटलाच्या आजारांच्या रुग्णांसाठी रेटिना इंडिया आहे. आयवे नावाची हेल्पलाइन आहे, तिथे फोनवर सल्ला देणारी माणसं बऱ्याचदा स्वतः अंध असतात. आम्ही नऊ-दहा बायका व्हॉट्सॲपवर आवाजी निरोपांनी बोलतो. कोणी भाकरी थापताना तव्याची कड कशी ओळखायची ते सांगते, कोणी नुसती रडते. नुसतं रडायलाही कळणारं माणूस लागतं, बाई. घरातली माणसं आपण रडलो की घाबरतात.

आणि गावातली माणसं. त्यांना मदत करायची असते, पण येत नाही. "ओ ताई, चला" म्हणून मनगट धरून ओढतात आणि आपला तोल जातो. तेव्हा रागावू नका, एक वाक्य पाठ करा: "थांबा दादा, मी तुमचा दंड धरते, तुम्ही पुढं चाला." कोपराच्या वर धरायचं, अर्धं पाऊल मागे राहायचं. त्याचा खांदा वर गेला की पायरी चढायची आहे, खाली गेला की उतरायची आहे. दहा जणांना हे शिकवलंत की कराडच्या स्टँडवर तुमचं अर्धं काम झालं. वडापवाल्याला सांगून पुढची सीट ठरवून घ्या. तुमच्या वर्गातल्या पोरांना शिकवाल तर ती घरी जाऊन आजोबांवर प्रयोग करतील.

मुलीच्या लग्नाचं मी टाळणार नाही. तुम्ही काठी लपवली तरी आजार लपत नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांना चहाचा ट्रे देताना तुमचा हात कपाच्या बाजूला जाईल आणि समोरच्यांना काही तरी कळेल, पण चुकीचं कळेल. लग्नानंतर कळलं तर ते भोगणारी मुलगी असेल, तुम्ही नाही. आर.पी. घराण्यातून येतो, पण सगळ्या घरांत एकाच रीतीने येत नाही. काही घरांत पिढ्यान् पिढ्या दिसतो, काहींत आईकडून मुलाकडे जातो, तर पुष्कळ घरांत आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. तुमच्या आई-वडिलांचं लग्न नात्यातलं होतं का? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल, तिथे हा धोका वाढतो. तुमच्या घरात कुठली रीत आहे हे जनुकीय तपासणी करून, त्या विषयातल्या डॉक्टरांशी बोलून पुष्कळदा कळतं. मुलीच्या डोळ्यांची तपासणीही करून घ्या. कदाचित तिला काहीच नसेल, आणि नात्याबाहेर लग्न केलं तर तिच्या मुलांनाही काळजीचं कारण नसेल. हे कागदावर हातात असलं तर स्थळांसमोर मान वर करून सांगता येतं. आईची काठी बघून जे उठून जातील, त्यांच्या घरी उद्या तुमच्या मुलीला साधं आजारपण आलं तर काय होईल याचाही विचार करा. आणि मुलीला विचारलंत का? पत्रात तिचं मत कुठेच नाही.

नोकरीची भीती पत्रात लिहिली नाहीत, पण ती आहे, मला ऐकू आली. मनगट मोडल्यावर आपण शाळेत कारण काय सांगितलं असेल, तेही मी ओळखते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम २० (४) वाचून घ्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला, त्यात जिल्हा परिषदही येते, कोणाला काढता येत नाही आणि पदावनत करता येत नाही. ते काम जमेनासं झालं तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. त्यासाठी प्रमाणपत्र हवं. अंध म्हणजे काहीच न दिसणारा, असं कायदा म्हणत नाही. चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असलं तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी झालं तर अंधत्व, मग समोरचं अक्षर कितीही छान दिसो. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर तपासून परत येऊ नका, फिल्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं त्याची तपासणी, मागा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एसटीत ७५ टक्के सवलतही आहे. एकट्याने फिरणाऱ्या बाईला ती उपयोगी पडते.

यजमानांशी बोला. ते प्रेमाने सोडतात-आणतात, त्यांची भीती खोटी नाही, त्यांनी तुमचं मोडलेलं मनगट पाहिलंय. त्यांना म्हणा, मी निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन तासाभरासाठी पाठवेन. तुम्ही घरात बसून बघा, फोन मात्र करू नका. चालताना वाजणारा फोन म्हणजे कानात बोट घालण्यासारखं आहे. तास संपला की ते आपोआप बंद होतं. लोकेशन कधी पाठवायचं ते तुम्ही ठरवायचं, त्यांनी नाही.

सुरुवात संध्याकाळी करा. दिवसा तुम्हाला समोरचं दिसतं, डोळे काठीचं ऐकू देणार नाहीत. तिन्हीसांजेला तसंही दिसत नाही, तेव्हा काठीवर विश्वास लवकर बसतो. काही महिने ट्रेनिंग मिळेपर्यंत मुलगी किंवा यजमान सोबत असू देत, दंड धरून. ट्रेनिंग झालं की एकटीने पहिला रस्ता घर ते गिरणी. शाळा नको, बाजार नको. पहिल्या दिवशी दळणाचा डबा नेऊ नका, एक हात काठीला आणि दुसरा मोकळा हवा. गिरणीच्या दारात पोहोचलात की तिथे उभं राहून फोनमध्ये खूण साठवा. मग गिरणीवाल्याला हाक मारा आणि सांगा, "दादा, मला बाजूचं दिसत नाही. उद्या याच वेळेला दळण घेऊन येते. दारात गाडी लावलेली असली तर आवाज द्या."